मदत हवी आहे: टेस्टिंगमधून रिस्पॉन्सिबल एआयच्या पीएचडीकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आता पीएचडी करायची आहे. विषय साधारण ठरलाय: कर्ज मंजूर करणाऱ्या एआय मॉडेलचा भेदभाव टेस्टिंगने पकडायचा. अर्जातलं फक्त लिंग बदलायचं. पगार, वय, जुनं कर्ज जसंच्या तसं ठेवायचं आणि निकाल फिरतो का बघायचं. 2017 मध्ये गल्होत्रा, ब्रुन आणि मेलियू या संशोधकांच्या 'थेमिस' या टूलने हीच पद्धत वापरली. मला ती लगेच पटली, कारण इनपुट बदलून बग शोधणं हे आमचं रोजचंच काम. पण आपल्याकडे जातीचा रकाना नसला तरी आडनाव आणि पिनकोड बरंच काही सांगून जातात. माझा खरा रस तिथे आहे.

अडचण अशी की गाइड कुठला शोधू? सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवाला की मशीन लर्निंगवाला? पेपर आयसीएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेला पाठवायचे की फॅक्ट (FAccT) या एआयमधल्या भेदभावावर काम करणाऱ्या परिषदेला? दोन्हीकडचे रिव्ह्यूअर 'हे आमचं नाही' म्हणून हात झटकतील अशी धास्ती वाटते. नोकरी सांभाळून कोणी पार्टटाइम पीएचडी केली असेल तर तेही सांगा. "एआयमध्ये खूप स्कोप आहे" एवढं सोडून काहीही चालेल!