निविदा हाताळणाऱ्यांना स्पर्धा कायदा कसा शिकवावा?

प्रशिक्षण समन्वयक:
नमस्कार. पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेतले कनिष्ठ अभियंते आणि लेखा शाखेतले सहायक यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचं सत्र घ्यायचंय. विषय: स्पर्धा अधिनियम, २००२ आणि शासकीय खरेदी. कलमांची पीपीटी तयार आहे, पण ही मंडळी रोज निविदा उघडतात. १ डिसेंबर २०१६ चा खरेदीचा शासन निर्णय त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना नवीन काय देऊ?

निवृत्त लेखाधिकारी:
पीपीटी शेवटी. आधी प्रत्येक टेबलावर एक जुनी नस्ती (कामाची फाइल) द्या, नावं झाकून. तीन निविदा, सगळी जोडपत्रं, तुलनात्मक तक्ता आणि कॅल्क्युलेटर. मी माझ्या सत्रांत हेच करतो.

आपल्याकडे छाननी एकेका निविदाकाराची होते. जीएसटी आहे, अनुभव दाखला आहे, बयाणा रक्कम भरली आहे, बरोबरची खूण, पुढचा. अशात तिघेही पात्र ठरतात. संगनमत, म्हणजे निविदाकारांनी आपसात ठरवून दर भरणं, दिसतं ते तिघांचे कागद शेजारी शेजारी मांडल्यावर. मी वापरतो त्या नस्तीत 'गॅल्व्हनाइज्ड' हा शब्द तिन्ही दरपत्रकांत एकाच तऱ्हेने चुकलाय. दुसऱ्याचे दर पहिल्यापेक्षा प्रत्येक बाबीत चार टक्के जास्त, तिसऱ्याचे सात. पाइपलाही तेवढेच, खोदाईलाही तेवढेच! खरोखर हिशेब करून भरलेले दर असे येत नाहीत. हे कुणीतरी स्वतः शोधून काढलं की सगळा वर्ग सरसावून बसतो. मग अशा संगनमताला मनाई करणारं कलम ३ उघडा.

पुण्याचं प्रकरण जरूर सांगा. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंच या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०१८ मध्ये आयोगाने संगनमत झाल्याचा निष्कर्ष काढला. काही कंपन्यांनी आपणहून माहिती दिली म्हणून त्यांना दंडात सवलत मिळाली. ही सवलत देणारं कलम ४६ एवढ्या एका उदाहरणात समजतं.

तालुक्यातला अभियंता:
सर, आमच्याकडे निम्म्या ठेकेदारांच्या निविदा एकच ऑपरेटर भरतो. आयपी पत्ता एक, चुकाही त्याच्याच. मग सगळ्यांवर संशय घ्यायचा का?

निवृत्त लेखाधिकारी:
फार महत्त्वाचा मुद्दा, सत्रात नक्की घ्या. एक खूण म्हणजे पुरावा नाही. चूक ऑपरेटरची असेल, पण प्रत्येक बाबीतला चार-सात टक्क्यांचा फरक त्याच्या टायपिंगमधून येत नाही. शिवाय मागच्या काही वर्षांच्या निविदा काढून बघा, कामं आळीपाळीने मिळतायत का.

आणि संशय आला की ठेकेदाराला फोन करून विचारायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. तो सावध होतो, कागद नाहीसे होतात. टिपणीत निरीक्षण लिहा, मूळ लिफाफे आणि पोर्टलवरच्या नोंदी जपा, वरिष्ठांकडे पाठवा. कलम १९ खाली राज्य शासन किंवा वैधानिक प्राधिकरण आयोगाकडे प्रकरण पाठवू शकतं. तपास हे स्पर्धा कायद्याखालच्या महासंचालकांचं काम आहे, आपलं नाही. हे कळलं की सहायक निर्भयपणे लिहितात. आज ते घाबरून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खरेदी कक्ष:
एक भर. एकाच कंपनीला बसेल अशी अट आपल्याच कार्यालयाने घातली, तर ते ठेकेदारांचं संगनमत नव्हे, आपली चूक. अटी ठरवण्यावर वेगळा तास ठेवा.

प्रशिक्षण समन्वयक:
सर्वांचे आभार. जुन्या नस्त्यांच्या प्रतींसाठी आजच पत्र देतो. ऑपरेटरचा मुद्दा गटचर्चेला घेतो.