रिअ‍ॅक्टमध्ये स्टेट बदलल्यानंतरही जुनीच किंमत का दिसते?

प्रश्न

नमस्कार. एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट मला बऱ्यापैकी येते; फॉर्म तपासणे, सर्व्हरकडून माहिती आणून ती तक्त्यात मांडणे ही कामे मी कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय करत आले आहे. आता रिअ‍ॅक्ट ही वेबपानाचे भाग बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी शिकायला घेतली आहे आणि पूर्वी सहज जमणाऱ्या गोष्टीही अडू लागल्या आहेत. स्टेट (लक्षात ठेवलेली किंमत) बदलणाऱ्या सेटकाउंट या फंक्शनने मोजणी एकाने वाढवून पुढच्याच ओळीत ती कन्सोलवर छापली, तर जुना आकडा येतो. स्टेटमधल्या यादीत पुशने नवा घटक घातला, तर पडद्यावर काहीच बदलत नाही. यूजइफेक्टची (पान मांडून झाल्यावर चालणाऱ्या कोडची) डिपेंडन्सी यादी, म्हणजे कोणत्या किमती बदलल्यावर तो पुन्हा चालवायचा ती यादी, रिकामी ठेवूनही सर्व्हरकडे विनंती दोनदा जाते. यांपैकी कुठेही एरर येत नाही, आणि त्यामुळे नेमके काय शोधावे हेच कळत नाही. शिवाय मी पाहत असलेल्या व्हिडिओमालिकेत कंपोनंट (पानाचे वेगवेगळे भाग) क्लासने लिहिलेले आहेत, तर इतरत्र सगळीकडे फंक्शन दिसतात. हे सोडून द्यावे असे वाटू लागले आहे. माझी कोणती मूळ कल्पना पक्की व्हायला हवी?

उत्तर १

पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. साध्या जावास्क्रिप्टमध्ये पानावरचा बदल तुम्ही स्वतः घडवून आणता. रिअ‍ॅक्टमध्ये कंपोनंट हे एक फंक्शन असते आणि स्टेट बदलली की ते पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवले जाते. त्या एका फेरीत काउंटची जी किंमत मिळाली, ती फेरी संपेपर्यंत तीच राहते. सेटकाउंट ती किंमत बदलत नाही. नव्या किमतीसह पुढची फेरी घ्यावी, एवढीच नोंद ते करते. म्हणूनच एका हँडलरमध्ये ‘सेटकाउंट, काउंट अधिक एक’ असे तीनदा लिहिले तरी आकडा एकानेच वाढतो. तीनने वाढवायचा असेल, तर सेटकाउंटला किमतीऐवजी मागील किमतीवरून पुढची काढणारे फंक्शन द्यावे.

यादीच्या बाबतीत रिअ‍ॅक्ट आतले घटक तपासत बसत नाही. जुनी आणि नवी यादी हा मेमरीतला एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढेच पाहते. पुशनंतर तो तोच राहतो, म्हणून सेटर (स्टेट बदलणारे फंक्शन) बोलावला तरी काही बदलल्याचे त्याला दिसत नाही. स्प्रेडने (तीन टिंबांच्या खुणेने) जुने घटक नव्या यादीत उतरवून ती सेटरला द्यावी.

उत्तर २

दोनदा जाणारी विनंती हा दोष नाही. मार्च 2022 मध्ये आलेल्या आवृत्ती 18 पासून स्ट्रिक्ट मोड (चुका लवकर उघड करणारी तपासणी) चालू असेल, तर डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट एकदा चालवून, त्याचे क्लीनअप (त्याने सुरू केलेले काम आवरणे) करून, तो मुद्दाम पुन्हा चालवला जातो. क्लीनअप लिहायचे राहिले असेल तर ते तेव्हाच उघड व्हावे, हा त्यामागचा हेतू आहे. प्रॉडक्शन बिल्डमध्ये असे होत नाही. अनेक जण स्ट्रिक्ट मोडच काढून टाकण्याचा सल्ला देतात, तो कृपया मानू नका. अ‍ॅबॉर्टकंट्रोलर वापरून क्लीनअपमध्ये जुनी विनंती रद्द करा.

व्हिडिओमालिका मात्र बदला. फेब्रुवारी 2019 मध्ये आवृत्ती 16.8 सोबत हुक्स (फंक्शन कंपोनंटमध्ये स्टेट वगैरे वापरू देणारी यूजइफेक्टसारखी फंक्शने) आले आणि नवे लेखन फंक्शनकडे वळले. क्लास आजही चालतात, पण सुरुवातीला दोन्ही पद्धती एकत्र शिकल्या की गोंधळ हमखास वाढतो. त्या मालिकेत ‘रिअ‍ॅक्टडॉम डॉट रेंडर’ असेल, तर आवृत्ती 19 मध्ये ते काढूनच टाकले आहे. अधिकृत दस्तऐवज 2023 मध्ये नव्याने लिहिले गेले असून ते हुक्सपासूनच शिकवतात.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. यादी आता नीट चालते आणि आकड्याचे कारणही समजले. एक शंका उरली: रिकाम्या डिपेंडन्सी यादीच्या यूजइफेक्टमध्ये सेटइंटरव्हल लावून दर सेकंदाला ‘काउंट अधिक एक’ केले, तर आकडा एकावर जाऊन तिथेच थांबतो. हेही त्यातलेच आहे का?

उत्तर १

होय, त्यातलेच. ते इंटरव्हल पहिल्या फेरीत तयार झाले, तेव्हा काउंट शून्य होता, आणि त्यातले फंक्शन कायम तोच शून्य पाहते. इथेही सेटकाउंटला मागील किंमत घेणारे फंक्शन द्या, आणि क्लीनअपमध्ये क्लिअरइंटरव्हल लिहा. नाहीतर स्ट्रिक्ट मोडमध्ये दोन इंटरव्हल एकदम चालून आकडा दर सेकंदाला दोनने वाढताना दिसेल.