एकच गेम, चार कन्सोल: समीक्षेतले गुण वेगवेगळे असावेत का?

पिंपळपार

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला विचारले, "मामा, या गेमला दहापैकी नऊ गुण आहेत, मग आपल्याकडेच तो असा का अडखळतो?" गेम कोणता, याला इथे महत्त्व नाही. आमचा कन्सोल जुना आहे आणि आम्ही वाचलेली समीक्षा महागड्या पीसीवर खेळून लिहिलेली होती. ही गोष्ट समीक्षेच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एका ओळीत नोंदवलेली मला नंतर सापडली. कन्सोलचा पंखा मिक्सरसारखा घरघरत होता, गजबजलेल्या चौकात शिरले की चित्र थबकत पुढे सरकत होते, आणि समीक्षक खोटे बोलला असे भाच्याला सांगण्याचीही सोय नव्हती, कारण तो खोटे बोललेलाच नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे की, गुण त्या त्या कन्सोलवरच्या आवृत्तीला द्यावेत आणि समीक्षकाने जी आवृत्ती हातात घेतलेली नाही तिचा रकाना सरळ कोरा सोडावा.

सायबरपंक २०७७चा किस्सा बहुतेकांना आठवत असेल, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १० डिसेंबर २०२० रोजी हा गेम आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती देण्यात आली होती आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्याचीही त्यांना मुभा नव्हती. त्यामुळे विक्री सुरू होण्यापूर्वी जे भरघोस गुण झळकले, ते सगळे पीसीचे होते. प्रत्यक्षात सोनीच्या प्लेस्टेशन ४ (पीएस४) या कन्सोलवर आणि मायक्रोसॉफ्टच्या मूळ एक्सबॉक्स वनवर गेम इतका कोलमडत होता की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला थेट जून २०२१ मध्ये. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर आजही पीसीसमोर ८६ आणि पीएस४समोर ५७ असे आकडे दिसतात. या दोहोंची सरासरी काढून "हा एकाहत्तरचा गेम आहे" असे कोणी म्हणाले, तर ते विधान कोणत्याच खेळाडूच्या अनुभवाशी जुळणार नाही.

हे काम अशक्य आहे असेही नाही. जपानच्या फामित्सू साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. २००९ मध्ये बायोनेटाच्या एक्सबॉक्स ३६० आवृत्तीला तिथे ४० पैकी ४० मिळाले आणि पीएस३ आवृत्तीला ३८. एक्सबॉक्सची आवृत्ती मूळ निर्मात्या प्लॅटिनमगेम्सने केली होती, तर पीएस३ची सेगाने बेतून घेतली होती आणि तिच्यात लोडिंगचा खोळंबा होता. दोन गुणांच्या त्या फरकाने ग्राहकाला जे सांगायचे ते सांगितले.

अडकित्ता

धागा चांगला आहे, पण मी पूर्णपणे असहमत आहे. समीक्षा कलाकृतीची असते, यंत्राची नसते. तालुक्याच्या गावी नाटकाचा प्रयोग लागला आणि तिथल्या नाट्यगृहाचा माइक मधूनमधून खरखरत राहिला, तर आपण संहितेचे गुण कापतो का? "ध्वनिव्यवस्था वाईट होती" असे एक वाक्य लिहितो आणि नाटकाकडे वळतो. गेमची कथा, तिच्यातल्या निवडी, शहराची रचना, लढाईचा तोल, यांवर बोलणारा समीक्षक मला हवा आहे. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, पडतात हे मोजण्यासाठी डिजिटल फाउंड्रीसारखी मंडळी आहेत, आणि ती ते काम कोणत्याही समीक्षकापेक्षा चोख करतात.

दुसरे असे की, तांत्रिक दोष तात्पुरते असतात. तुमच्याच उदाहरणातला सायबरपंक सप्टेंबर २०२३ मधल्या २.० पॅचनंतर, म्हणजे निर्मात्यांनी मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीनंतर, ओळखू येणार नाही इतका सुधारला. ते ५७ मात्र तसेच गोठून राहिले आहेत. अशा शिळ्या आकड्याचा आज उपयोग काय?

आणि स्वतंत्र गुणांनी ग्राहक वाचतो, हा तर मला शुद्ध भ्रम वाटतो. स्कायरिम हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला. मेटाक्रिटिकवर एक्सबॉक्स ३६०ला ९६, पीसीला ९४ आणि पीएस३ला ९२ असे अगदी तुमच्या मागणीप्रमाणे तीन वेगळे रकाने होते. परंतु पीएस३वर सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला याची नोंद) जसजशी फुगत जाई तसतसा गेम रांगू लागे, आणि हे पहिल्या दिवशी नव्हे, कित्येक तास खेळून झाल्यावर घडे. मुदतीच्या आत खेळून लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते दिसलेच नाही. ते ९२ वाचून ज्यांनी डिस्क घेतली त्यांना स्वतंत्र गुणांनी कोणता दिलासा दिला? उलट "पीएस३वर तपासलेले आहे" अशी खोटी खात्रीच पदरात पडली.

खिडकीतला

व्यवहाराची एक बाजू इथे मांडणे भाग आहे. मोठा गेम संपवायला चाळीस-पन्नास तास लागतात आणि समीक्षकाच्या हाती प्रत पडते ती कधी आठवडाभर आधी, कधी त्याहूनही उशिरा. चार कन्सोलवर चार वेळा खेळा असे म्हणणे सोपे आहे. त्या तासांचे पैसे कोण देणार, हे पिंपळपार यांनी सांगितलेले नाही. शिवाय कोणत्या कन्सोलची प्रत द्यायची हे प्रकाशक ठरवतो. सायबरपंकच्या वेळी समीक्षकांना कन्सोलची आवृत्ती आधी मिळालीच नाही, तर त्यांनी काय करायला हवे होते?

पिंपळपार

खिडकीतला यांना उत्तर सोपे आहे: प्रत मिळाली नसेल तर तसे पहिल्या परिच्छेदात लिहावे आणि त्या कन्सोलचा आकडा देऊ नये. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. शिवाय प्रकाशक कोणती आवृत्ती दाखवतो आणि कोणती लपवतो, हीच मुळात वाचकाला सांगण्याजोगी बातमी आहे.

अडकित्ता यांची नाटकाची उपमा वाचायला छान वाटते, पण इथे ती लागू पडत नाही. नाट्यगृहाचा माइक सुधारला की तेच नाटक तिथेच नीट ऐकू येते. माझ्या घरचा २०१३ सालच्या घडणीचा कन्सोल मात्र पुढच्या वर्षी वेगवान होणार नाही. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी यंत्राच्या हाती सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात, ३० दाखवायच्या तर ३३.३. तेवढ्या वेळात गर्दीतली माणसे, गाड्या, सावल्या, पाऊस या सगळ्यांचा हिशेब झाला नाही की बटण दाबणे आणि तलवार फिरणे यांच्यात खंड पडतो. मग ज्या "लढाईच्या तोला"वर आपल्याला समीक्षा हवी आहे, तोच तोल बिघडतो. यंत्राला कलाकृतीपासून वेगळे काढता येते असे मला म्हणूनच वाटत नाही.

पॅचबद्दल म्हणाल, तर ज्या २.० पॅचचे आपण कौतुक करता तो पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलाच नाही. त्या जुन्या यंत्रांसाठीचा शेवटचा मोठा पॅच १.६ होता, सप्टेंबर २०२२चा. म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त सोसले त्यांच्यापर्यंत ती सुधारणा पोहोचलीच नाही. एकच आकडा ठेवायचा आणि तो पॅचनंतर वाढवायचा, तर पीएस४वाल्याला दुसऱ्यांदा फसवल्यासारखे होईल.

स्कायरिमचे उदाहरण मात्र बिनतोड आहे. त्यावर विचार करून लिहितो.

दुपारची_झोप

चर्चा फ्रेम रेटभोवती फिरते आहे, म्हणून हा प्रतिसाद. मी बहुतेक वेळा हातात धरून खेळायच्या कन्सोलवर खेळते. मोठ्या टीव्हीसाठी बनवलेल्या गेममधले संवाद त्या इवल्याशा पडद्यावर इतके बारीक उमटतात की एका गेमच्या वेळी मी आजोबांचे भिंग शेजारी घेऊन बसले होते. गेम अडखळला नाही, हँग झाला नाही, फ्रेम मोजणाऱ्यांच्या लेखी सर्व काही सुरळीत होते. मला मात्र तो वाचताच येत नव्हता. हा दोष त्याच यंत्रावर, त्याच अंतरावरून खेळल्याशिवाय कोणाही समीक्षकाला कळणार नाही.

कधी कधी तर गेमचा आशयच वेगळा असतो. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ मध्ये आला, पीएस५वर सप्टेंबरमध्ये, आणि एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एस या स्वस्त यंत्रावर दोघांनी एकाच टीव्हीवर पडदा विभागून खेळण्याची सोय नीट चालेना. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळूनच गेम प्रसिद्ध झाला. मी आणि माझी बहीण एका सोफ्यावर बसून खेळतो. २०२५ मधल्या पॅचने ती सोय येईपर्यंत आमच्यासाठी सिरीज एसवरचा बाल्डर्स गेट ३ हा निराळाच गेम होता. त्याला पीएस५इतकेच गुण द्यायचे, तर आम्हा दोघींपैकी एकीने शेजारी बसून नुसते बघत राहायला हवे होते.

थोडे विषयांतर: पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आला, आणि हा कन्सोल निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये उतरला. म्हणजे पुण्यात घडलेल्या गेमच्या पहिल्या समीक्षा पुण्यातल्या बहुतेक खेळाडूंकडे नसलेल्या यंत्रावरच्या होत्या. तेव्हा स्विचचे गुण वाचून पीसीसाठी थांबावे की नाही हे ठरवताना आमच्या गटात चांगलाच वाद झाला होता.

तळटीप

दोन्ही बाजू आकडा गृहीत धरून भांडत आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. गेमच्या समीक्षा छापणाऱ्या युरोगेमर या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी गुण देणे बंद केले आणि त्याऐवजी शिफारशीचे शिक्के सुरू केले. पुढे २०२३ मध्ये तिथे पाच तारे आलेच, कारण वाचकाला शेवटी काहीतरी मोजलेले हवे असते. पण मोजलेल्या आकड्यावर माणसांची मिळकत टांगली जाते त्याचे काय? फॉलआउट: न्यू वेगास या गेमच्या वेळी मेटाक्रिटिकवर ८५ झाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता आणि एका गुणाने तो हुकला, असे त्या कंपनीच्या क्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मेटाक्रिटिकची सरासरी भारित असते आणि कोणत्या समीक्षकाला किती वजन आहे हे ते उघड करत नाहीत. अशा तराजूला आणखी तीन पारडी लावून न्याय वाढेल असे मला वाटत नाही. वाढलाच तर बोनसच्या करारातला कलम-उपकलमांचा घोळ वाढेल.

अडकित्ता

दुपारची_झोप यांचा भिंगाचा मुद्दा मला पटला आणि बाल्डर्स गेटचाही. सोयच वगळली असेल तर तो तांत्रिक दोष राहत नाही, आशयातला बदल होतो, आणि समीक्षकाने त्यावर लिहिलेच पाहिजे. लिहिलेच पाहिजे, असे म्हणतो आहे. आकडा फोडला पाहिजे, असे नव्हे. पिंपळपार, स्कायरिमवर आपण विचार करून लिहिणार होतात.

पिंपळपार

विचार केला, पण पूर्ण उत्तर सापडले नाही. साठ तासांनंतर उगवणारा दोष पंचवीस तास खेळलेल्या माणसाला दिसणार नाही, मग रकाने तीन असोत की तीस. माझ्या मूळ मागणीत एवढीच भर घालतो की, प्रत्येक कन्सोलच्या गुणांशेजारी किती तास खेळले आणि कोणत्या पॅचवर खेळले हे ठळक अक्षरांत छापावे. पीएस३समोरच्या ९२ शेजारी "वीस तास" असे छापलेले असते, तर निदान जाणत्या ग्राहकाने डिस्क घेण्यापूर्वी दोन आठवडे कळ काढली असती.

अडकित्ता

तास आणि पॅच छापायला माझी काहीच हरकत नाही, पहिल्याच ओळीत छापावेत. आकडा मात्र मी एकच ठेवीन, आणि तो सर्वांत कमकुवत यंत्रावर खेळून दिलेला असावा.

पिंपळपार

ही अट मला माझ्या स्वतःच्या मागणीपेक्षा कडक वाटते. भाच्याला विचारून कळवतो.