गालांतील फिलर ४ महिन्यांतच उतरल्यासारखे वाटते : पुन्हा घ्यावे की थांबावे?

अबोली (ठाणे)

नमस्कार. माझे वय ४८ आहे. गेल्या २ वर्षांत माझे गाल बसल्यासारखे दिसू लागले होते आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या रेषा प्रत्येक फोटोत उठून दिसत होत्या, म्हणून मुलीच्या साखरपुड्याचे निमित्त करून मी फेब्रुवारीत हायलुरोनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे बसलेली जागा भरून काढणाऱ्या जेलचे इंजेक्शन, घेतले. १ मिलिलिटरची एकच सिरिंज दोन्ही गाल आणि दोन्ही बाजूंच्या रेषा यांत मिळून वापरण्यात आली. साखरपुड्यात अनेकांनी ‘चेहरा टवटवीत दिसतो आहे’ असे आपणहून सांगितले. मुलीखेरीज घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे मला त्याचे जरा जास्तच समाधान वाटले.

क्लिनिकमध्ये ‘वर्षभर सहज टिकेल’ असे सांगितले होते. आता जून आहे आणि आरशात सगळे मूळपदावर आल्यासारखे दिसते. फोन केला तेव्हा तेथील समुपदेशक बाईंनी ‘तुमचा चयापचय जलद असेल, आणखी २ सिरिंज घ्या, या महिन्यात सवलत आहे’ असे सुचवले. लग्न डिसेंबरात आहे. फिलर इतक्या लवकर खरोखरच विरघळते का, की मला कमी प्रतीचे दिले गेले? आता पुन्हा घ्यावे की थांबावे? अनुभवी मंडळींनी आणि कोणी त्वचारोगतज्ज्ञ असल्यास त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केवडा

ताई, माझाही हाच अनुभव आहे. माझ्या कपाळाच्या आठ्या गेल्या खऱ्या, पण साडेतीन महिन्यांत पुन्हा जशाच्या तशा आल्या. पैसे पाण्यात गेले असे समजून मी तो नाद सोडला.

निरगुडी (त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक)

केवडा, आपण घेतले ते बहुधा फिलर नसून बोट्युलिनम टॉक्सिन असावे, ज्याला सगळेच बोटॉक्स म्हणतात. ते स्नायूंना तात्पुरते शिथिल करते आणि त्याचा परिणाम साधारण ३ ते ४ महिनेच राहतो; म्हणजे आपल्याला फसवले गेले नाही, कालावधी मात्र आधी सांगायला हवा होता. फिलर स्नायूंवर काम करत नाही, ते जागा भरून काढते. ही दोन इंजेक्शने एकाच खोलीत आणि पुष्कळदा एकाच दिवशी दिली जात असल्यामुळे त्यांचे हिशेब लोकांच्या मनात एकमेकांत मिसळतात.

अबोली, चेहरा न पाहता मी निदान करणार नाही. तरीही सल्ला देण्यापूर्वी ३ गोष्टी कळल्या तर बरे होईल : इंजेक्शन साखरपुड्याच्या किती दिवस आधी घेतले, फेब्रुवारीपासून वजनात काही फरक पडला आहे का, आणि आपण आजच्या चेहऱ्याची तुलना नेमक्या कोणत्या फोटोंशी करत आहात?

माजघर (न्यू जर्सी)

मी हे गेली २५ वर्षे अधूनमधून करत आले आहे, त्यामुळे थोडे लिहिते. मी सुरुवात केली तेव्हा अमेरिकेत गायीपासून काढलेले कोलॅजन वापरत. त्याला १९८१ मध्ये परवानगी मिळाली होती, आधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे आणि ३-४ महिन्यांत ते संपून जाई. (अवांतर : ते गायीचे असते हे मी आईला शेवटपर्यंत सांगितले नाही.) डिसेंबर २००३ मध्ये येथे हायलुरोनिक ॲसिडच्या पहिल्या फिलरला मान्यता मिळाली, तेव्हा सहा महिने टिकणारी वस्तू आली म्हणून आम्हाला अप्रूप वाटले होते.

माझी चूक मात्र वेगळीच होती. दर वेळी चौथ्या-पाचव्या महिन्यात मला ‘उतरले’ असे वाटे आणि मी पुन्हा क्लिनिकची पायरी चढे. शेवटी एका डॉक्टरांनी माझे पहिल्या दिवसाआधीचे आणि त्या दिवशीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. फरक अगदी ढळढळीत होता. उतरले काहीच नव्हते, माझी नजर भरलेल्या गालांना सरावली होती, आणि सरावलेल्या नजरेला तेच गाल पुन्हा रिकामे वाटू लागले होते. त्या काळातले माझे काही फोटो पाहिले की गाल खालच्या पापणीला टेकलेले दिसतात. ताई, आधी फोटो शोधा, सिरिंजचे नंतर पाहा.

अबोली (ठाणे)

दोघांचे आभार. निरगुडी, इंजेक्शन साखरपुड्याच्या ५ दिवस आधी घेतले होते. वजनाचे म्हणाल तर फेब्रुवारीपासून ७ किलो कमी झाले आहे. लग्नासाठी रात्रीचे जेवण सोडले आहे आणि सकाळी तलावपाळीला चालायला जाते. वजन घटवण्याचे कोणतेही औषध घेत नाही. तुलना साखरपुड्याच्या फोटोंशीच करते आहे, कारण त्याआधीचे समोरून काढलेले फोटो माझ्यापाशी नाहीत. क्लिनिकने काढले होते की नाही, हे आठवत नाही.

निरगुडी (त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक)

आपण दिलेल्या माहितीत पुष्कळशी उत्तरे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हायलुरोनिक ॲसिड हा आपल्या शरीरातलाच पदार्थ आहे. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग शरीर रोज मोडून नव्याने तयार करते. तो जसाच्या तसा टोचला तर काही दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कारखान्यात त्याच्या लांब साखळ्या एका रसायनाने एकमेकींना बांधून त्याचे जेल करतात. हे बांध शरीरातील विकरांना (एन्झाइमना) सावकाश तोडावे लागतात आणि म्हणून फिलर महिनोन्‌महिने टिकते. बांध किती आणि जेल किती घट्ट, यावर ते कोठे वापरायचे हे ठरते. ओठांसाठी मऊ आणि वाकणारे जेल लागते, गालाच्या हाडावर आधार देण्यासाठी ताठ जेल लागते. गालांसाठीच्या एका ताठ जेलला २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा परिणाम २ वर्षांपर्यंत राहू शकतो असे नमूद करण्यात आले. तोंडाभोवती, जिथे बोलताना आणि जेवताना दिवसभर हालचाल चालते, तिथे इतकी अपेक्षा ठेवता येत नाही. तेव्हा ‘फिलर वर्षभर टिकते’ हे वाक्य कोणते जेल आणि कोठे, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच आहे.

आता आपल्या ५ दिवसांकडे येतो. सुई टोचल्यामुळे सूज येते, शिवाय हे जेल पाणी धरून ठेवणारे असल्यामुळे सुरुवातीला आजूबाजूचे पाणी ओढून घेते. ही सूज ओसरायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून खरा परिणाम आम्ही दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात मोजतो. साखरपुड्याच्या फोटोंत जो भरलेला चेहरा आहे, त्यातला काही भाग फिलरचा आणि काही भाग सुजेचा आहे. आपण ज्याला ‘परिणाम’ समजून आजचा चेहरा त्याच्याशी ताडून पाहत आहात, तो परिणाम त्या प्रमाणात कधी नव्हताच. समारंभाच्या आठवडाभर आधी इंजेक्शन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची हीच तक्रार असते. त्यात दोष रुग्णाचा नाही. तारीख ठरवतानाच हे सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

दुसरी बाब मात्रेची. चहाच्या चमच्यात साधारण ५ मिलिलिटर मावतात. आपली १ मिलिलिटरची सिरिंज चार जागी वाटली असेल, तर प्रत्येक जागी पाव मिलिलिटर, म्हणजे चमच्याचा विसावा भाग गेला. बसलेल्या गालाला एवढ्याने सूज असेपर्यंत उठाव दिसतो आणि सूज ओसरली की मागे राहणारा फरक आरशात सहज कळत नाही. येथे फिलर लवकर संपले असे म्हणण्यापेक्षा ते मुळात कमी होते असे म्हणणे मला अधिक पटते.

तिसरी बाब वजनाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी आहे. गालाचा आकार त्वचेखालच्या चरबीच्या लहान लहान गाद्यांमुळे टिकतो. वयानुसार त्या आक्रसतात, वरच्या जबड्याचे हाडही थोडे मागे सरकते, आणि त्यावर ४ महिन्यांत ७ किलो वजन उतरले की चेहरा सर्वांत आधी ओढल्यासारखा दिसतो. फिलर आपल्या जागी असूनही त्याच्या भोवतालचे कमी झालेले असते. विहीर तेवढीच खोल राहून काठ खचावा, तसे. वजन घटवण्याची इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे जास्त प्रमाणात मिळू लागल्यावर या कारणाने येणाऱ्यांची संख्या माझ्या दवाखान्यात वाढली आहे.

जलद चयापचयाबद्दल एवढेच सांगतो की प्रत्येकाच्या शरीराचा वेग थोडा वेगळा असतो हे खरे, पण फोनवरून त्याचे निदान करता येत नाही. उलट, एमआरआय तपासणीत काही जणांच्या गालांत २ वर्षांहून जुने फिलरही दिसून आले आहे. दिसत नाही म्हणजे उरले नाही, असे धरून त्यावर भर घालत गेले की माजघर यांनी सांगितलेले पापणीला टेकलेले गाल तयार होतात.

केवडा

निरगुडी, बोटॉक्सबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, मी जुनी पावती काढून पाहिली. एक शंका आहे : आमच्या पार्लरमध्ये सुईशिवाय पेनाने फिलर देतात आणि ते पुष्कळ स्वस्त आहे. अबोलीताईंना मध्यंतरीच्या काळासाठी ते चालेल का?

निरगुडी (त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक)

कृपया नको. ते पेन दाबाच्या जोरावर जेल त्वचेत घुसवते आणि ते किती खोल व कोठे जाईल यावर चालवणाऱ्याचा ताबा राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा पेनांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

सुईनेही फिलर रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते. इंजेक्शननंतर तीव्र वेदना, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणे, अथवा दिसण्यात फरक जाणवला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे लागते. हायलुरोनिक ॲसिडचे फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे औषध असते. ते आपल्या कपाटात तयार आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. ज्यांना त्याचा राग येतो त्यांच्याकडे न जाणेच बरे.

माजघर (न्यू जर्सी)

आणखी एक विचारा. प्रत्येक सिरिंजच्या खोक्यात लॉट क्रमांकाचे स्टिकर असतात, त्यातले एक रुग्णाच्या नोंदीत चिकटवतात. माल खरा होता की नाही आणि नेमका कोणता होता, हे त्यावरून कळते. मी दर खेपेला सीलबंद खोके माझ्यासमोरच उघडायला लावते आणि एक स्टिकर घरी नेते.

अबोली (ठाणे)

मी क्लिनिककडे नोंदीची प्रत मागितली आहे. समुपदेशक बाईंनी आधी ‘त्याची काय गरज’ असे विचारले, मग पाठवते म्हणाल्या. दुसऱ्या कोणाचे मत घ्यायचे झाल्यास शिक्षण कोणते पाहावे? आणि डिसेंबरासाठी कधी जावे?

निरगुडी (त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक)

त्वचारोगशास्त्रात एम.डी. किंवा डी.एन.बी., अथवा प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. केलेल्या आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंद असलेल्या डॉक्टरांना भेटावे. चेहरा डॉक्टरांनीच पाहिला पाहिजे, समुपदेशकांनी नव्हे. वजन आणखी उतरवायचे असेल तर आधी ते उतरू द्यावे आणि २-३ महिने स्थिर राहू द्यावे, कारण हलत्या चेहऱ्यावर घेतलेले माप पुन्हा चुकेल. लग्नाच्या ६ ते ८ आठवडे आधी घेतले, तर सूज पूर्ण ओसरून उरलीसुरली दुरुस्ती करायलाही अवधी मिळतो. तोवर महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, दिवा न लावता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. साखरपुड्याचे फोटो अल्बमात राहू द्यावेत.

अबोली (ठाणे)

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. नोंद मिळाली. स्टिकर होते, माल अस्सल होता, पण दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ते पाहून सांगितले की ते त्या कंपनीचे मऊ जेल आहे. ओठांसाठी आणि बारीक रेषांसाठी ठीक, गालाला आधार देण्यासाठी नव्हे. क्लिनिकच्या संगणकात माझा इंजेक्शनपूर्वीचा फोटोही निघाला. तो आजच्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा ओठांच्या बाजूच्या रेषा अजूनही पहिल्यापेक्षा कमी खोल आहेत हे मलाच दिसले, गाल मात्र पहिल्यापेक्षाही थोडे आत गेले आहेत. बाईंच्या मते रेषांना सध्या हातच लावू नये. वजन स्थिर झाल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर त्या पुन्हा पाहतील आणि लागलेच तर फक्त गालांत, हाडालगत, ताठ जेल देतील. किती, ते त्या दिवशीच ठरेल.

सवलतीच्या २ सिरिंज घेतल्या नाहीत. रात्रीचे जेवणही पुन्हा सुरू केले आहे, थोडे लवकर आणि थोडे कमी. जुलैचा पहिला फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी काढला आहे, कारण आमच्या घरात सकाळी तेवढीच जागा उजेडाची आहे.