कॉलेजच्या सेमिनारला पेपर वाचावा का?

राजारामपुरीकर: इतिहासात पीएचडी चालू आहे, कोल्हापुरातच. एका कॉलेजच्या नॅशनल सेमिनारचं ब्रोशर आलंय, फी भरा, पेपर आयएसबीएन पुस्तकात छापू म्हणतायत, आणि विषय बघाल तर इतिहास, मराठी, भूगोल, होम सायन्स सगळं एकाच दिवसात. गाईड म्हणतात पीएचडीसाठी सेमिनारात दोन पेपर वाचावेच लागतात. जाऊ का?

चहावाला संशोधक: भावा, ती अट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमात होती, २०२२ ला काढली. रजिस्ट्रेशन आधीचं असलं तर जुनंच लागू. विद्यापीठाचं वेगळं काय आहे का ते पीएचडी सेक्शनला विचार. आणि आयएसबीएन हा नुसता पुस्तकाचा नंबर, पेपर कुणी तपासलाय असं त्यातनं कळत न्हाई.

मॅडम_पन्हाळा: असल्या ठिकाणी उद्घाटन, शाल-श्रीफळ, भाषणं यातच जेवणाची वेळ होते, मग दुपारी अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात, 'तीन मिनिटांत आटपा'. समोर बसलेले पुढचे वाचणारेच. प्रश्न कोण विचारणार? त्यापेक्षा पुराभिलेखागारातले (जुनी सरकारी दप्तरं ठेवतात तिथले) कागद बघून एकच नीट पेपर कर आणि इंडियन हिस्टरी काँग्रेसला पाठव, इतिहास संशोधकांची परिषद, १९३५ ला पुण्यात सुरू झालेली आहे ती.

राजारामपुरीकर: बरं मॅडम. पण गाईडना सांगायचं कसं?

चहावाला संशोधक: २०२२ च्या नियमाची प्रिंट टेबलावर ठेव, बोलू नकोस 😄