खैबरमधलं ते जेवण
'कॅरी ऑन' या ब्रिटिश विनोदी चित्रपटमालिकेसारख्या विडंबनपटांत नुसता पांचटपणा असतो, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. १९६८चा 'कॅरी ऑन अप द खैबर' घ्या. बाहेर तोफा धडाडताहेत, छताचा गिलावा थेट ताटात पडतोय, आणि खैबर खिंडीतले ब्रिटिश गव्हर्नरसाहेब पाहुण्यांसह ऐटीत जेवताहेत. वाद्यवृंदही वाजतोच आहे. भेदरलाय तो एकटा धर्मोपदेशक! साम्राज्याचा ताठा इतका नेमका मी दुसऱ्या कुठल्या विनोदी चित्रपटात पाहिला नाही. (खैबरचे डोंगर मात्र वेल्समधल्या स्नोडोनियाचे.)

'कॅरी ऑन हेन्री'त (१९७१) तर आठवा हेन्री राजा झालेल्या सिड जेम्सच्या अंगावर, रिचर्ड बर्टनने त्याच राजाच्या भूमिकेत 'ॲन ऑफ द थाउजंड डेज' या गंभीर चित्रपटात वापरलेला झगाच आहे. त्यामुळे राजा आधी खराच वाटतो, मग हसू येतं. निदान 'खैबर'मधला तो जेवणाचा प्रसंग तरी बघाच.