आईच्या खांद्यात कॅल्शियम साठलंय, मग गोळ्या बंदच ना?

चिंचगूळ: आईचा उजवा हात महिनाभर वर जाईना, वेणी घालायची म्हटलं की डोळ्यात पाणी. एक्सरेत खांद्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका, डॉक्टर म्हणाले कॅल्शियम साठलंय. आता पाच वर्षं रोज कॅल्शियमची गोळी खाल्ली की ते कुठेतरी बसणारच ना, आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉईल पांढरीफटक होते तसं. मी गोळ्या बंद केल्यात, उगाच समर्थन करू नका.

खडूस_काका: करणार. माणूस म्हणजे गिझर नव्हे हो. रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ (मिलिग्रॅम, दर १०० मिलिलिटरला) च्या मध्येच ठेवायचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी करतात, तुम्ही काय खाल्लं त्यावर ते फारसं हलत नाही. खांद्यात कंडरेतल्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीतल्या, पेशीच क्षार जमवायला लागतात. बऱ्याचदा शरीर ते स्वतःच विरघळवतं, आणि नेमकं विरघळतानाच जीव जातो इतकं ठणकतं.

मीनल_एम: काका, खांद्याचं पटलं, पण गोळ्यांना एवढी क्लीन चिट नको. २००८ मध्ये न्यूझीलंडच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या वयस्कर बायकांत हार्ट अटॅकचं प्रमाण वाढतंय असं दिसलं होतं. मुतखड्याचा धोकाही आहेच. दूध, तीळ, नाचणी असताना गोळी कशाला?

खडूस_काका: त्यावर नंतर बरीच भांडणं झाली, सगळ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. आमच्या सासऱ्यांनी जन्मात एक गोळी घेतली नाही, सीटीत कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा, ६४०! ४०० च्या वर म्हणजे धोका जास्त. चाळीस वर्षं सिगरेट आणि शुगर, दुसरं काय. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी चक्क हाडासारख्या वागायला लागतात. गंमत म्हणजे कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने हा स्कोअर वाढतो, पण अटॅकचा धोका कमी होतो. मऊ चरबी टणक होते ना.

मीनल_एम: मान्य, पण किडनी बिघडलेल्यांचं काय? त्यांच्यात फॉस्फरस वाढतो, तिथे कॅल्शियम डॉक्टरांना न विचारता घेणं वेडेपणाच.

खडूस_काका: तिथे शंभर टक्के तुमच्या बाजूने.

चिंचगूळ: बरं, एक लिहायचं राहिलं. पाच वर्षांपूर्वी आईची हाडं ठिसूळ निघाली होती, गोळी त्यासाठीच होती.

मीनल_एम: अहो मग!! हे आधी सांगायचं ना, उद्याच डॉक्टरांना फोन करा.